गफूरभाऊंचे तेलाचे लोड

ईशान आणि रेवा,

मागच्या महिन्यात फोनवर ईशानने मला विचारलं, "आजी, तू रिटायर झाल्यावर तेल कंपन्यांसाठी काम करायचीस, हे खरं आहे का?" ईशान, तू तिकडे पर्यावरणाचा अभ्यास करतोस, तेव्हा हा प्रश्न तुला पडणारच. तुझ्या आवाजात राग नव्हता, पण आजीबद्दल काहीतरी भलतंच कानावर आल्यासारखा तू अडखळलास. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, कारण माझ्या ओसरीवर पाच-सहा बाया बसल्या होत्या. गफूरभाऊ पिंजारी नुकतेच गेले होते आणि त्यांच्या शेडमधल्या बाया, आता पुढे काय करायचं, ते विचारायला माझ्याकडे आल्या होत्या.

तर उत्तर असं आहे. मी काम केलं ते गफूरभाऊंसाठी. आणि गफूरभाऊंचं सगळं काम तेल कंपन्यांच्या जिवावर चालत होतं. या दोन वाक्यांचा मेळ फोनवर घालता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही दोघांनी त्यांना कधी पाहिलं नाही. आता पाहणारही नाही. म्हणून क्रमाने सांगते.

कुणाच्याही घरात गेलं की बसण्याआधी तिथली गादी तळहाताने दाबून बघायची, अशी गफूरभाऊंची सवय होती. आमच्या अमळनेरच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा तुमचे आजोबा त्यांना "बसा, बसा" म्हणत होते आणि हा उंच, किडकिडीत माणूस वाकून आमच्या दिवाणाची नाडी तपासल्यासारखा हात ठेवून उभा होता. भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. शेवटी माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "अक्का, हाई गादी बठ्ठी बसी गई. पिंजाले टाका." आजोबा हसत सुटले. मला मात्र राग आला होता, कारण गादी तीनच वर्षांपूर्वीची होती. पुढच्या आठवड्यात ती पिंजायला टाकली, हेही सांगून टाकते.

पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारे. गफूरभाऊंच्या घरात पिढ्यानपिढ्या तेच काम. पण ते माझ्याकडे आले होते ते गादीसाठी नाही, इंग्रजीसाठी. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. एका तेल कंपनीच्या डेपोने त्यांच्याकडे मालाची विचारणा केली होती आणि सगळा व्यवहार इंग्रजीत होता. "माले गादी भरता येस," ते म्हणाले, "पण साहेबले इंग्रजीमा गादी कशी सांगू?" तेव्हापासून त्यांची इंग्रजी पत्रं मी लिहू लागले.

ही विचारणा कशी आली, तो किस्सा ते प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येक वेळी टँकर थोडा मोठा होत जाई. मूळ गोष्ट एवढीच की, ते टेम्पोत लग्नाच्या गाद्या घालून धुळ्याला निघाले होते. पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर डिझेलचा टँकर आडवा पडलेला. डिझेल उतारावरून नाल्यात आणि नाल्यातून एका मळ्यातल्या विहिरीकडे निघालं होतं. गावातली माणसं डबे, कळश्या, बादल्या घेऊन डिझेल भरायला धावत होती. विहिरीचा मालक मधोमध उभा राहून ओरडत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. गफूरभाऊंनी टेम्पोतल्या गाद्या उतरवल्या, विळ्याने उसवल्या आणि सगळा कापूस नाल्यात आडवा टाकला. वरून डिझेल आलं ते कापसाने पिऊन टाकलं आणि पाणी खालून निघून गेलं. मागाहून आलेल्या डेपोच्या अधिकाऱ्याने ते पाहिलं.

"आणि लग्न?" मी विचारलं होतं.

"लग्न व्हयनं. नवरा-नवरी चटईवर झोपनात. नवरीना बाप आजूनबी माले शिव्या देस."

यात चमत्कार काही नाही. झाडावरून काढलेल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे पाणी आत शिरत नाही, तेल शिरतं. दवाखान्यात वापरतात तो पांढरा कापूस सोड्यात उकळून त्यातलं मेण काढून टाकलेलं असतं, म्हणून तो पाणी पितो. आमच्या खानदेशात वेचणीच्या शेवटी पिवळट, डागी कापूस उरतो. त्याला कवडी म्हणतात. त्याला धड गिऱ्हाईक नसतं. तो तेल सगळ्यात जास्त पितो. गफूरभाऊ तो कवडी माल पिंजून मांजरपाटाच्या लांब पिशव्यांत भरू लागले. कंपन्यांच्या भाषेत त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं. आमच्या शेडमध्ये मात्र त्याला शेवटपर्यंत 'तेलाचे लोड'च म्हणत, कारण ते बैठकीवरच्या लोडासारखेच दिसत.

रेल्वे लाइनीपलीकडे त्यांनी पत्र्याची शेड घातली. डेपोतल्या मोठ्या टाक्या ठरावीक काळाने धुवाव्या लागतात. धुतलेल्या पाण्यावर तेल तरंगतं. ते पाणी नाल्यात सोडण्याआधी आमचे लोड त्यावर फिरत. पेट्रोल पंप, गॅरेजं, पंपिंगची ठिकाणं, सगळीकडे लोड जाऊ लागले. अकरा बाया कामाला होत्या. बहुतेक एकट्या संसार ओढणाऱ्या. त्यांची मुकादम सुमनबाई. नवरा गेल्यावर ती बोदवडहून माहेरी आलेली, तोंडाने फटकळ आणि हाताला विलक्षण शिस्त. गफूरभाऊ मालक असले तरी शेडमध्ये राज्य तिचं. "भाऊ, तुम्ही दारमा बठा, आठे आमले काम करू द्या," असं ती त्यांना सरळ सुनवायची आणि ते खरंच दारात जाऊन बसायचे.

ईशान, तुझा प्रश्न आमच्या गावात तुझ्याआधी पुष्कळांनी विचारला होता, फक्त जरा वेगळ्या सुरात. चहाच्या टपरीवर गफूरभाऊ दिसले की कुणीतरी म्हणणारच, "काय गफूरभाऊ, आज कोठे टँकर पलटी नही व्हयना का?" ते शांतपणे बशीत चहा ओतत म्हणत, "तुमना पाय घसरी ना, तव्हय मी लोड लई सन येसू."

पण तो टोमणा त्यांना लागायचा. त्यातून शेडमध्ये एक रीत पडली होती. नेहमीची मागणी आली, म्हणजे टाकी धुण्याची, पंपाची, तर जैतूनभाभी, म्हणजे त्यांची बायको, घरून शिरा करून पाठवायची. पण कुठे अपघात होऊन, तेल सांडून तातडीची मागणी आली, तर त्या दिवशी शेडमध्ये गोड म्हणून काही यायचं नाही. मागणी कितीही मोठी असो. एकदा एका नव्या बाईने मोठी मागणी आल्याच्या आनंदात पेढे आणले. गफूरभाऊंनी पुडा तिच्या हातात परत ठेवला. "बाई, कोना तरी घर आज रडारड व्हई. आपला घर पेढा नको." ती ओशाळली तेव्हा लगेच म्हणाले, "घर लई जा. पोरेसले दे. शेडमा नको."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की आताही त्यांच्या आवाजात ऐकू येतं: "सांडणाराना जीववर पुसणाराना संसार शे, अक्का." सांडणाऱ्याच्या जिवावर पुसणाऱ्याचा संसार. मी एकदा त्यांना म्हटलं, "पण गफूरभाऊ, तुम्ही पुसता म्हणून नाला वाचतो की नाही?" तर बोटांवर हिशेब मांडल्यासारखे म्हणाले, "लोड लई जानारी गाडी डिझेलवर. मशिनले ग्रीस लागस. शिवाले सुतळी नायलॉननी. भिजेल लोड सिमेंटनी भट्टीमा जळतस. कोठे तेल नही, सांगा?" मग म्हणाले, "मी नदीमा उभा राही सन पाय पुसी राहिनू."

 

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. तुम्हाला तिकडेही ते आठवत असेल. रस्ते रिकामे झाले, टँकर उभे राहिले, डेपोंनी सगळी कामं पुढे ढकलली. शेड बंद. हवा मात्र अशी निवळली की एका सकाळी आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग स्पष्ट दिसली. मी या घरात लग्न होऊन आल्यापासून ती कधी एवढी स्पष्ट दिसली नव्हती. मी गफूरभाऊंना हाक मारून वर बोलावलं. ते तोंडाला फडकं बांधून लांब उभे राहिले आणि बराच वेळ बघत होते.

"कितलं बेस दिसस, अक्का," ते म्हणाले. "आनि आपलाले परवडत नही."

त्या दिवशी ते विनोद करत नव्हते. अकरा घरांच्या चुली त्यांना त्या निळ्या रांगेत दिसत होत्या. त्यांना सातपुडा बघायचाही होता आणि रस्त्यावर टँकरही धावायला हवे होते. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी हवं असू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

टाळेबंदी उठली, पण काम पूर्वीसारखं परतलं नाही. छोट्या मागण्या तुटल्या. कंपन्या आता वर्षभराचा माल एकाच ठिकाणाहून घेऊ लागल्या होत्या. त्यात गफूरभाऊंची छाती धरली. सगळा जन्म कापसाच्या धुळीत गेलेला, फुप्फुसं ती किती दिवस सोसणार? दोन जिने चढले की भिंतीला टेकून उभे राहायचे. तेवढ्यात एका मोठ्या कंपनीने कळवलं की आमचा माल पाहायला माणसं येतील. चाचणीत उतरला, तर वर्षभराचं काम. नाही उतरला, तर शेड चालवणं शक्य नव्हतं. हे गफूरभाऊंनी बायांना लपवून ठेवलं नाही. सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. सुमनबाई तेवढी उभी राहून ऐकत होती.

साहेब यायच्या आधी गफूरभाऊंचा दम वाढला आणि त्यांना धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना ते सुमनबाईला म्हणाले, "बठ्ठं तुना हातमा शे."

तिने ते फारच मनावर घेतलं. पिंजाऱ्यांच्या दुकानात एक पद्धत असते. दुकानाच्या तोंडाशी, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग ठेवायचा. डागी माल मागे, पोत्यात. पाहुण्यासमोर पांढरंच मांडायचं, हे त्या बायांच्या हाडात भिनलेलं. कोट-टाय घातलेली माणसं एवढ्या लांबून येणार आणि त्यांच्यासमोर पिवळा, कचऱ्याचा कापूस टाकायचा? सुमनबाईने बायांकडून वर्गणी काढून दवाखान्याचा पांढरा कापूस मागवला. नवं कोरं मांजरपाट आणलं. तिने आणि तिच्या बायांनी तो लोड लेकीच्या रुखवतात मांडावा इतक्या निगुतीने भरला. कापूस तेल पितो, एवढं त्यांना माहीत होतं. जितका चांगला कापूस, तितकं जास्त तेल, असं त्या धरून चालल्या. वर्षानुवर्षं त्यांनी फक्त कवडी मालच भरला होता. दुसरा भरून बघायची वेळच कधी आली नव्हती.

साहेब आले त्या सकाळी गफूरभाऊ दवाखान्यातून परस्पर जीपने शेडवर आले. डॉक्टर नको म्हणत होते. शेड झाडून-सारवून ठेवलेली, दारात रांगोळी. मध्ये पाण्याचं मोठं घंगाळ, त्यावर काळं, जळकं ऑइल ओतलेलं. मी साहेबांशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. सुमनबाईने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी, पाळण्यात मूल ठेवावं तसा तो पांढरा लोड पाण्यावर ठेवला.

तो थोडा वेळ तरंगला. मग एका बाजूने जड झाला. मग हळूहळू, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, खाली गेला. तेल वर तसंच राहिलं.

"हा तर बुडाला," तरुण साहेब म्हणाला. त्याला हसू आलं होतं, ते त्याने दाबलं.

सुमनबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. गफूरभाऊ खुर्चीतून उठले, बाही न सारता हात घंगाळात घातला, लोड वर काढला आणि नेहमीच्या सवयीने तळहाताने दाबला. आतून स्वच्छ पाणी आलं. त्यांना सगळं कळलं. ते सुमनबाईकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

"साहेब, मालाची चूक माझी," ते शुद्ध मराठीत म्हणाले. ऑफिसच्या माणसांशी ते तसंच बोलत. "मी चुकीचा कापूस सांगितला. आजारपणात डोकं ठिकाणावर नव्हतं. आमचा नेहमीचा लोड टाकून बघा."

मागच्या पोत्यांतून पिवळा लोड आणला. तो तरंगला, काळा झाला, तेल पिऊन फुगला. साहेबांनी मान डोलावली, फोटो काढले, चहा घेतला. चहा घेताना मोठे साहेब मला सहज म्हणाले, "बाई, खरं सांगू का, आता सगळीकडे प्लास्टिकच्या धाग्याच्या चादरी आल्या आहेत. प्रत्येक नग सारखा. आमच्याच गटाची एक कंपनी बनवते." मी विचारलं, "त्या कशापासून बनतात?" ते हसले. "कशापासून म्हणजे? तेलापासूनच की."

मागणी आली नाही. ती बुडालेल्या लोडामुळे गेली, की आधीच गेलेली होती आणि माणसं फक्त पाहून जायला आली होती, ते आम्हाला कधीच कळलं नाही. सुमनबाईच्या मनात मात्र एकच उत्तर पक्कं होतं. नकार आल्याचं मी सांगितलं, तेव्हा गफूरभाऊ म्हणाले, "तेल पुसाले तेलनंच पोर उनं, अक्का. आपन तर पाहुना." तेल पुसायला तेलाचंच पोर आलं, आपण तर पाहुणे.

नंतर सुमनबाई कामावर यायचीच थांबली. गफूरभाऊ स्वतः रिक्षाने तिच्या घरी गेले. मीही बरोबर होते. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, मनी चूक कसाले झाकी तुम्ही? मनं नाव सांगतात तर माले बरं वाटतं."

"तुनं नाव सांगतू तर काय, लोड वर येता का?" गफूरभाऊ दम खात म्हणाले. मग आत गेले आणि बसण्याआधी तिची गादी दाबून बघितली. "हाईबी बसी गई. सुमन, तू पिंजारीना घर काम करस आनि तुनी गादी अशी?" ती हसता हसता रडायला लागली. दुसऱ्या दिवशी कामावर आली.

पण काम उरलंच नव्हतं. एकेक बाई दुसरीकडे लागली. कुणी डाळ मिलमध्ये, कुणी घरकामाला. या हिवाळ्यात गफूरभाऊंना पुन्हा धुळ्याला ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या नाकाला प्लास्टिकची नळी होती, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र. त्यांनी बोटाने नळी दाखवली. "अक्का, हाईबी तेलनीच शे." आवाज अगदी बारीक झाला होता. "जलमभर त्याले पुसं. आते तोच श्वास दी राहिना." मी म्हटलं, "बोलू नका, दम लागेल." ते म्हणाले, "दम लागाना तो लागीच राहिना. मनी एक गोठ ऐका. मशिन इकू नका. बाया शिकेल शेत." मशिन विकू नका, बाया काम शिकलेल्या आहेत.

ती माझी त्यांच्याशी शेवटची भेट. जैतूनभाभीने निरोप पाठवला तेव्हा मी जेवत होते. पान तसंच ठेवून गेले. त्यांच्या दारात मोठी गर्दी होती, पिंजारी गल्ली, टपरीवरचे टोमणे मारणारे, पारोळ्याकडचा तो विहिरीचा मालकही. मय्यत उचलली तेव्हा सुमनबाई माझा हात घट्ट धरून उभी होती. तिच्या तळहातावर सुईच्या टोचण्यांचे कडक ठिपके होते. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

मग त्या बाया माझ्या ओसरीवर आल्या, ईशान, आणि तू फोन केलास. तुझ्या अभ्यासात लिहिलेलं असेल की तेल थांबलं पाहिजे. मलाही तसंच वाटतं. गफूरभाऊंनाही वाटायचं, तुझ्याहून जास्त वाटायचं, कारण ते त्यांच्या छातीत आणि नखांत होतं. ते थांबेल तेव्हा ते पुसणाऱ्यांचं काय करायचं, एवढंच मी तुझ्याकडे सोपवते. तू शिकतोयस, मी म्हातारी झाले.

शेड जैतूनभाभीने विकलेली नाही. पुढचा अर्धा भाग एका व्यापाऱ्याला गोदामासाठी दिला आहे. मागच्या अर्ध्यात पिंजण्याचं मशिन आहे, आणि सुमनबाई आणि आणखी तिघी रोज सकाळी तिथे येतात. सध्या त्या गाद्या पिंजतात, आणि गावातल्या दोन गॅरेजांना कवडी कापसाचे लोड देतात.